दोन वह्या : अवर्षण आणि महाराष्ट्राचें नियोजन

महाबळेश्वराच्या माथ्यावर वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सरळ रेषेनें सुमारें शंभर किलोमीटरांवर असलेल्या माण तालुक्यांत तो पांचशेंच्या आसपास येऊन थांबतो. हीं दोन्ही स्थळें एकाच सातारा जिल्ह्यांत आहेत आणि दोहोंचा कारभार एकाच जिल्ह्याच्या कचेरींतून चालतो. सह्याद्रीनें अडविलेल्या पावसाच्या पाठीमागें नाशिकच्या पूर्वभागापासून सोलापूर-सांगलीपर्यंत जो कोरडा पट्टा पसरला आहे, तेथील शेतकऱ्यास पीक बुडण्याचें वर्ष नेमकें कोणतें हें ठाऊक नसतें. पण तें येणार, याविषयीं त्याला संशय नसतो. जी गोष्ट निश्चित येणार आहे तिची तरतूद आधीं करून ठेवणें हें संसाराचें साधें शहाणपण होय. राज्यकर्त्यांनीं हें शहाणपण कधीं व कितपत अंगीं बाणविलें, याचा थोडासा ऐतिहासिक शोध घेण्याचा आमचा विचार आहे.

जगाचें हवामान पालटत चालल्यामुळें प्रांतिक सरकारांच्या विकासयोजनांत हवामानाच्या आघातांस तोंड देण्याची शक्ति आरंभापासूनच मुरविली पाहिजे, असें अलीकडे तज्ज्ञ मंडळी सांगत असतात. सल्ला योग्यच आहे. परंतु तो एखादा नवा शोध म्हणून मांडला जातो, तेव्हां महाराष्ट्राच्या इतिहासाशीं परिचित असलेल्या वाचकास थोडें नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. हा प्रश्न येथें दीडशें वर्षें उभा आहे. त्याचीं उत्तरेंही अनेक दिलीं गेलीं, आणि त्यांतील एक तर पुढें सर्व देशानें उचललें. आमच्या मतें उणीव राहिली ती एका ठिकाणीं : सरकारनें संकटाची वही वेगळी ठेवली आणि उत्कर्षाची वही वेगळी ठेवली. ह्या दोन वह्या जेव्हां एकत्र आल्या तेव्हां कांहीं टिकाऊ काम झालें. एरव्हीं एकीनें जें जमविलें तें दुसरीनें खर्चीं घातलें.

आपल्याकडील जुन्या आठवणींत दुष्काळाचें निवारण हें दयेचें काम म्हणून नोंदलें गेलें आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतानें बादशहाचीं धान्याचीं कोठारें उपाशी लोकांस खुलीं केलीं आणि त्याची भरपाई विठ्ठलानें महाराच्या वेषांत येऊन केली, ही कथा महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. तिच्यांतील भक्तिभाव क्षणभर बाजूस ठेवून राज्यकारभाराच्या दृष्टीनें पाहिलें तर ती मोठी बोलकी आहे. कोठारांत धान्य होतें. तें वांटण्याचा हुकूम मात्र नव्हता. म्हणून अंमलदारास नियम मोडावा लागला आणि हिशेब देवास पुरा करावा लागला. पुढें मराठ्यांच्या राज्यांत वाईट सालीं साऱ्यांत सूट देण्याची आणि बी-बैलांसाठीं तगाई देण्याची वहिवाट होती. ती अनेक कुळांस तारणारी होती यांत शंका नाहीं. परंतु ती वहिवाट होती, हक्क नव्हता, आणि धन्याची मर्जी किंवा खजिन्याची स्थिति पालटली कीं तीही पालटत असे.

ही मर्जीची व्यवस्था कागदावर आणण्याची पाळी इंग्रजी अमदानींत आली, ती फार मोठी किंमत देऊन. १८७६ ते १८७८ ह्या काळांत मुंबई व मद्रास इलाखे आणि म्हैसूर व हैदराबाद हीं संस्थानें दुष्काळानें होरपळून निघालीं. नुसत्या ब्रिटिश मुलखांत पन्नास लाखांहून अधिक माणसें दगावलीं असा सरकारी आयोगाचाच अंदाज होता. सर रिचर्ड टेंपल यांच्या काटकसरीच्या धोरणामुळें दुष्काळी कामावरील मजुराचें वेतन दिवसास एक रत्तल धान्य व वर थोडे पैसे इतक्यावर आलें, तेव्हां १८७७ च्या आरंभीं मुंबई इलाख्यांतील कित्येक मजुरांनीं कामें सोडून आपला निषेध दाखविला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, गणेश वासुदेव जोशी व महादेव गोविंद रानडे यांच्या नेतृत्वाखालीं, ठिकठिकाणची हकीकत गोळा करून ती सरकारपुढें मांडली. दुष्काळाचा अभ्यास येथील लोकांनीं स्वतः, आंकडे व साक्षी जमवून, करावा हा पायंडा तेव्हां पडला.

ह्या हाहाकारानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या आयोगानें १८८० सालीं अहवाल दिला, आणि त्यावरून १८८३ सालीं दुष्काळसंहितेचा पहिला मसुदा तयार झाला. तिच्यांतील मूळ कल्पना आजही ध्यानांत घेण्याजोगी आहे. पावसाचें मान, धान्याचे भाव, लोकांचें स्थलांतर अशा खुणांवर अधिकाऱ्यानें नजर ठेवावी. शंका येतांच परीक्षेपुरतें काम काढून पाहावें. जिल्ह्यांत काढावयाच्या कामांची यादी आगाऊ तयार ठेवावी. अशक्तांस फुकट अन्न द्यावें. सारा तहकूब करावा. शिवाय दरसाल दीड कोट रुपये दुष्काळाच्या विम्यादाखल बाजूस काढण्याचें ठरलें होतें. दुष्काळ हा अंदाजपत्रकांत धरावयाचा खर्च आहे, हें तत्त्व अशा रीतीनें मान्य झालें. पण त्या रकमेस दुसऱ्या वाटा फार लवकर फुटल्या, आणि ती मूळ कामीं लागत नाहीं ही तक्रार आपल्या पुढाऱ्यांना वर्षानुवर्षें करावी लागली. दुसरें असें कीं, संहितेचा हेतु माणूस जगवावा एवढाच होता, तोही शक्य तितक्या कमी खर्चांत. पुढच्या अवर्षणांत त्याच माणसास खडी फोडावयास यावें लागूं नये, ही चिंता तिच्या कक्षेंत नव्हती.

तरी लिहिलेल्या नियमाचा एक गुण असा कीं, तो वाचतां येतो. १८९६-९७ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळकांनीं ह्या गुणाचा पुरा उपयोग करून घेतला. संहितेंत रयतेस काय काय देऊं केलें आहे हें केसरींतून मराठींत समजावून दिलें गेलें, आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते तेंच गांवोगांव सांगत फिरले. सरकारला हें रुचलें नाहीं, आणि १८९७ सालीं सभेची सरकारदरबारची मान्यता काढून घेण्यांत आली. आमच्या दृष्टीनें ह्या प्रसंगाचें महत्त्व असें कीं, दुष्काळांत मिळणारी मदत ही भीक नसून नियमानें येणें असलेली बाब आहे, ही जाणीव महाराष्ट्रांतील खेड्यांत प्रथम तेव्हां पोंचली. पुढें जो हक्काचा कायदा ह्या राज्यानें केला त्याचें बीज येथें पडलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां दुसऱ्या वहीकडे वळूं. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रीफ यांच्या आयोगानें पाटबंधाऱ्यांचा विचार केला, आणि दख्खनच्या कोरड्या पट्ट्यांत संरक्षक कालव्यांना जोर आला. नीरेचा डावा कालवा १८८५ पासूनच वाहत होता. पुढें दारणा, भंडारदरा व भाटघर येथें मोठीं धरणें झालीं व गोदावरी, प्रवरा आणि नीरा ह्या नद्यांचें पाणी कालव्यांनीं पूर्वेकडे गेलें. संरक्षक हें विशेषण येथें नीट समजून घ्यावें. कालव्यापासून फायदा व्हावा हा हेतु दुय्यम होता. वाईट सालीं ज्वारी-बाजरीस दोन-तीन पाणी मिळून पीक पदरांत पडावें यासाठीं तो होता.

पण व्यवहारांत घोटाळा झाला. चांगला पाऊस झालेल्या वर्षीं ज्वारीचा शेतकरी कालव्याचें पाणी घेईना, आणि दुष्काळ पडला कीं सारेच एकदम मागणी करीत. पाणी विकलें जाईना म्हणून कालवा तोट्यांत गेला, व तोट्यांतील कालव्याचें समर्थन खजिन्यापुढें करतां येईना. तेव्हां बारमाही मागणी असलेलें पीक शोधावें लागलें, आणि तें ऊंस हें होतें. विश्वेश्वरय्या त्या काळीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत होते. त्यांनीं पुढें आणलेल्या गटपद्धतींत उंसाचें क्षेत्र बांधून द्यावें व उरलेल्या जमिनींत हंगामी पिकें घ्यावीं, म्हणजे पाणी अधिक गांवांस व अधिक शेतकऱ्यांस मिळेल, अशी योजना होती. विचार उत्तम होता. परंतु उंसाची ओढ त्याहून बळकट ठरली. संकटाच्या वहींतून निघालेला कालवा अशा रीतीनें उत्कर्षाच्या वहींत जमा झाला, आणि ज्या ज्वारीसाठीं तो खणला होता ती त्याच्या कांठीं पाहुणी झाली.

ह्या घटनेचा दोष कोणा एकावर ठेवणें अन्यायाचें होईल. उंसानें प्रवरेच्या व नीरेच्या कांठीं संपत्ति आणली हें खरें आहे. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना उभारला आणि शेतकऱ्यास कारखान्याचा धनी केला. त्यामागून शाळा, दवाखाने, रस्ते व पतपेढ्या आल्या. तथापि हिशेब पुरा मांडावयाचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. आजही राज्यांतील पिकाखालील जमिनीपैकीं सुमारें चार-पंचमांश जमीन पावसावरच अवलंबून आहे. आणि त्या एकंदर जमिनीचा अगदीं लहान अंश व्यापणारा ऊंस सिंचनाच्या पाण्याचा अर्ध्याहून अधिक वांटा घेतो. विमा उतरला सर्वांच्या नांवें. हप्त्याचा लाभ मात्र थोड्यांस मिळाला.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें, तेव्हां ह्या दोन्ही वह्या एका हातीं आल्या. आरंभ आशादायक होता. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील पाटबंधारे आयोगानें १९६२ सालीं राज्याच्या पाण्याचा विस्तृत आढावा घेतला. त्याच वर्षीं जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मात्र १९६३ सालीं केलेला एक कायदा आज वाचतांना मन विषण्ण होतें. राज्यांत लागू असलेल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द गाळून टाकावा, त्या जागीं ‘टंचाई’ म्हणावें, असा तो कायदा. त्यामागची भूमिका अशी कीं, सरकार आतां वेळच्या वेळीं उपाय योजीत असल्यामुळें दुष्काळ पडण्यास जागाच उरली नाहीं. भूमिकेंत आत्मविश्वास होता, आणि भूक ही राज्यकर्त्यांची जबाबदारी आहे ही कबुलीही होती. पण कायद्यांतून शब्द गेला म्हणून आकाशांतून पाऊस येत नाहीं. पुढच्या दहा वर्षांच्या आंतच त्याचा प्रत्यय आला.

१९७० ते १९७३ अशीं तीन वर्षें पाऊस ओळीनें हुकला. १९७२ चा दुष्काळ म्हणून त्याची आठवण खेड्यापाड्यांत अजून ताजी आहे. १९७३ च्या उन्हाळ्यांत दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ गेली. एवढ्या मोठ्या समुदायास काम पुरविण्यास जी यंत्रणा उपयोगी पडली तिच्यांत जुन्या संहितेची छाया स्पष्ट दिसते : आगाऊ यादी, ठरलेलें वेतन, जिल्हाधिकाऱ्याकडे अधिकार. मृत्यूचें जें तांडव १८७७ सालीं झालें तें ह्या वेळीं झालें नाहीं. हें श्रेय तत्कालीन शासनास, त्या लाखो श्रमिकांस आणि त्यांच्या बाजूनें झगडणाऱ्या कार्यकर्त्यांस सारखेंच दिलें पाहिजे.

ह्या अनुभवांतून रोजगार हमी योजना पक्की झाली. तिचा पहिला प्रयोग विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या प्रेरणेनें १९६५ सालीं तासगांव तालुक्यांत झाला होता. १९७२ सालीं ती राज्यभर घेतली गेली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. काम मागणाऱ्या प्रौढास पंधरा दिवसांत काम द्यावें, न दिल्यास भत्ता द्यावा, हें बंधन सरकारनें स्वतःवर घालून घेतलें. खर्चासाठीं १९७५ सालीं व्यवसायकर बसविला. त्याचा मोठा भाग शहरांतून येई, आणि तितकीच भर सरकारनें घालावयाची होती. मुंबईच्या नोकरदारानें माणदेशच्या मजुरासाठीं दरमहा कांहीं देणें, ही कल्पना पाहतां साधी, पण तिनें संकटाच्या वहीस पहिल्यांदां कायमचें उत्पन्न लावून दिलें. दामाजीपंताची दया, संहितेचा नियम आणि टिळकांनीं सांगितलेला हक्क हे तिन्ही धागे ह्या एका कायद्यांत एकत्र आले. २००५ सालीं केंद्रानें जो राष्ट्रीय कायदा केला त्यास हाच नमुना समोर होता.

येथपर्यंतचा इतिहास अभिमानाचा आहे. परंतु योजनेच्या कामांकडे पाहिलें म्हणजे जुना दोष पुन्हां डोकावतो. पाझरतलाव, नालाबांध, रस्ते अशीं कामें अमाप झालीं. त्या तलावांत मुरलेलें पाणी कोणाच्या विहिरींत उतरणार, त्यावर कोणतें पीक घ्यावयाचें, भूमिहीनास त्यांत कांहीं वांटा आहे कीं नाहीं, हे प्रश्न मात्र कामाच्या यादींत नव्हते, कारण ते दुसऱ्या खात्याचे होते. मजुरानें घाम गाळून बांध घातला. पाणी बांधाखालच्या शेताच्या मालकाचें झालें.

ह्या नियमास जे अपवाद झाले त्यांतून पुष्कळ शिकण्यासारखें आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां घरांतील माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें, माणशी अर्धा एकर भिजेल इतकें, भूमिहीनासही हिस्सा, ऊंस लावावयाचा नाहीं, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाहीं. येथें संकटाचें व उत्कर्षाचें गणित एकाच पाटीवर मांडलें होतें. सरकारकडून असा मेळ १९९० मध्यें बसला, जेव्हां रोजगार हमीची सांगड फळबागांशीं घालण्यांत आली. मजुरी हमीच्या खात्यांतून मिळे, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानांत बोर, सीताफळ, डाळिंब उभें राही. सोलापूरच्या बाजूस त्यामुळें पुष्कळ घरें सांवरलीं. पुढें त्याच डाळिंबासाठीं जमिनीच्या पोटांत खोल खोल नळ्या उतरल्या, हा भाग निराळा. एका पावलानें प्रवास संपत नाहीं इतकेंच त्यावरून दिसतें.

दरम्यान उत्कर्षाची वही स्वतःच्या वाटेनें चालली होती. १९७४ पासून जिल्हा नियोजनाची पद्धत आली. १९९८ च्या कायद्यानें जिल्हा नियोजन समित्यांना स्थान मिळालें. वि. म. दांडेकर यांच्या समितीनें १९८४ सालीं विभागीय असमतोल मोजला व मागासलेपणाचा अनुशेष ३,१८६ कोट रुपयांवर नेऊन बसविला. अशा मोजमापाची गरज होतीच. पण सिंचनाच्या बाबतींत त्या मापानें मोजली ती बांधकामानें निर्माण झालेली क्षमता. तीन वर्षें पाऊस न झाल्यास त्या क्षमतेंतून किती पाणी हातीं लागेल, ह्या प्रश्नास तेथें रकाना नव्हता. २००५ च्या कायद्यानें एकाच खोऱ्यांतील धरणांमध्यें तुटीचें पाणी समन्यायानें वांटलें जावें असें ठरविलें. तत्त्व निर्दोष आहे. तथापि वरच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडण्याची वेळ आली कीं नगर-नाशिक आणि मराठवाडा यांना न्यायालयाची पायरी चढावी लागते, हेंही सर्वांनीं पाहिलें आहे.

एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास पिण्याचें पाणी आगगाडीनें न्यावें लागलें. तें पाणी मिरजेहून, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यांतून, गेलें. ज्या मराठवाड्यांत हा प्रसंग आला त्याच मराठवाड्यांत ऊंस गाळणारे कारखाने उभे होते. आणि ज्या सांगली जिल्ह्यानें तें पाणी दिलें, तोच जिल्हा ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेच्या महापुरांत बुडाला. पालटतें हवामान म्हणजे काय, हें समजण्यास ह्या दोन घटना पुरेशा आहेत : अवर्षण व अतिवृष्टि हे एकाच दाराशीं पाळीपाळीनें येणारे पाहुणे झाले आहेत. ह्या विषयाचा अभ्यास राज्यानें करवून घेतला आणि त्याचा अहवाल २०१४ सालीं आला. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्यानें मराठवाडा, विदर्भ व खानदेशांतील सुमारें पांच हजार गांवांत नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प हातीं घेण्यांत आला. त्यांत गांवच्या पाण्याचा ताळेबंद मांडून मग कामें ठरवावीं, अशी पद्धत आहे. हा ताळेबंद आम्हांस फार मोलाचा वाटतो. कारण आवक आणि खर्च हीं दोन्ही अंगें त्यांत एका पानावर येतात.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. संकटांत त्वरा हवी, नियोजनास सावकाशी हवी. दोन्हींचा कारभार एकत्र केल्यास मदतही रखडेल आणि योजनाही बिघडेल, असें अनुभवी अधिकारी म्हणतात. त्यांत तथ्य आहे. मदतीचा हात मोकळाच असला पाहिजे, त्यास योजनेच्या दोरखंडांनीं बांधूं नये. परंतु आमचें म्हणणें कचेऱ्या एक करण्याचें नाहीं. जिल्हा नियोजन समितीपुढें येणाऱ्या प्रत्येक मोठ्या कामास, मग तें धरण असो, कारखाना असो, रस्ता असो वा नगराची वाढ असो, एक प्रश्न विचारला जावा : ओळीनें दोन वर्षें पाऊस हुकल्यास, किंवा चार दिवसांत महिन्याचा पाऊस पडल्यास, ह्या कामाचें आणि त्याच्या शेजाऱ्यांचें काय होईल? उत्तर लिहून ठेवलें जावें, मराठींत लिहिलें जावें, आणि तें कोणासही पाहतां यावें. १८९६ मध्यें संहिता वाचून रयतेनें जें मागितलें तेंच ह्या उत्तरावरून आजच्या गांवकऱ्यास मागतां येईल.

ह्या मार्गांत खरी अडचण ज्ञानाची नाहीं, हें आम्ही स्पष्टच सांगतों. पावसाचे आंकडे दीडशें वर्षांचे आहेत. हॅरल्ड मान यांच्यासारख्या अभ्यासकानें दख्खनच्या पर्जन्याचा व दुष्काळाचा स्वतंत्र ग्रंथ लिहून ठेवला आहे. आयोगांचे अहवाल कपाटें भरून आहेत. अडचण आहे ती वांटणीची. दोन वह्या एकत्र वाचल्या म्हणजे कोणाच्या उत्कर्षाचा खर्च कोणाच्या संकटाच्या खात्यांत पडला हें उघड दिसूं लागतें, आणि तें दिसूं नये असें वाटणारे लोक प्रत्येक काळीं बलवान असतात. नीरेच्या कांठीं शंभर वर्षांपूर्वीं जो प्रश्न सोडवावयाचा राहिला तो हाच. १८८३ ची संहिता आणि १९७७ चा कायदा हीं दोन्ही मोठ्या दुष्काळांनीं राज्यकर्त्यांकडून करवून घेतलेलीं कामें आहेत. तिसरें काम दुष्काळाची वाट न पाहतां, पाऊस बरा झालेल्या एखाद्या वर्षीं, शांतपणें हातीं घेतलें जाईल काय, एवढेंच आतां पाहावयाचें आहे.